ग्वादलकनालची धांवपट्टी

विमानयुद्धाचा इतिहास बहुधा मान वर करून लिहिला जातो. अमुक वैमानिकानें इतकीं शत्रुविमानें पाडलीं, तमुक तुकडीनें एवढ्या युद्धनौका बुडविल्या, यांच्या याद्या मोठ्या हौसेनें ठेविल्या जातात. आणि त्या ठेवूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु दिवसाच्या चोवीस तासांपैकीं विमान आकाशांत असतें तें फार तर चार-पांच तास. उरलेला काळ तें जमिनीवर उभें असतें, आणि त्या काळांत त्याची तहान भागविणारे, त्याचे सांधे तपासणारे, त्याच्या पोटाखालीं बाँब अडकविणारे, व तें ज्या भूमीवरून धांवत सुटावयाचें ती भूमि सारखी करून ठेवणारे लोक त्याच्याभोंवतीं राबत असतात. पागेंतल्या मोतद्दारांचीं नांवें बखरींत येत नाहींत, तशींच या लोकांचींही येत नाहींत. दुसऱ्या महायुद्धांतील एका मोहिमेपुरती तरी ही उणीव भरून काढावी असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. हें आम्ही उपकारबुद्धीनें करीत नाहीं; त्या मोहिमेचा निकालच मुळीं या मोतद्दारांच्या हातीं होता असें आम्हांस वाटतें.

ग्वादलकनाल हें ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येस पॅसिफिक महासागरांत पसरलेल्या सॉलोमन द्वीपसमूहांतील एक बेट. लांबी सुमारें ९० मैल. मधोमध डोंगरांची रांग, तिच्यावर घनदाट अरण्य, आणि उत्तर किनाऱ्यालगत एक सपाट पट्टा. या पट्ट्यांत लुंगा नदीच्या मुखापाशीं लीव्हर कंपनीचे नारळाचे मळे होते. १९४२ च्या मे महिन्यांत जपानी आरमारानें समोरचें तुलागी बेट घेतलें, आणि जुलैच्या आरंभीं लुंगाच्या मैदानावर धांवपट्टी बांधावयास काढली. अमेरिका व ऑस्ट्रेलिया यांना जोडणारा जलमार्ग याच टापूच्या दक्षिणेकडून जात असे. जपानी बाँबफेकी विमानें येथें येऊन बसलीं असतीं, तर तो मार्ग धोक्यांत आला असता. अरण्यांत लपून राहिलेल्या टेहळ्यांनीं बांधकामाची वार्ता बिनतारी यंत्रानें कळविली, आणि ७ ऑगस्ट १९४२ रोजीं, धांवपट्टी पुरी होण्यास थोडेच दिवस उरले असतां, अमेरिकेची पहिली मरीन डिव्हिजन जनरल व्हॅन्डेग्रिफ्ट यांच्या हाताखालीं बेटावर उतरली. बांधकामावर सुमारें अडीच हजार माणसें होतीं, आणि त्यांत कोरियांतून आणलेले मजूर पुष्कळ होते. तोफांचा भडिमार सुरू होतांच तीं अरण्यांत पळालीं. दुसऱ्या दिवशीं विमानतळ अमेरिकनांच्या ताब्यांत आला.

पळणाऱ्यांनीं मागें बरेंच कांहीं टाकलें होतें: रस्ते दाबण्याचे रूळ, मालमोटारी, माती वाहून नेण्याची अरुंद रुळांची आगगाडी, सिमेंट, तांदुळाचीं पोतीं, इतकेंच नव्हे तर बर्फ तयार करण्याचा एक लहानसा कारखानासुद्धां. हा तोजोचा बर्फाचा कारखाना असून त्याची व्यवस्था आतां नव्या मालकांकडे आहे, अशा अर्थाची पाटी मरीन सैनिकांनीं त्यावर लाविली. परंतु थट्टेचे दिवस दोनच होते. ८ ऑगस्टच्या रात्रीं सावो बेटापाशीं जपानी आरमारानें मित्रराष्ट्रांच्या चार मोठ्या क्रूझरांस जलसमाधि दिली, आणि ९ तारखेस मालवाहू जहाजें अर्धामुर्धा माल उतरून निघून गेलीं. एंजिनिअर पलटणीचीं बहुतेक जड यंत्रें त्या जहाजांच्या पोटांतच राहिलीं. सैनिकांस दिवसांतून दोन वेळांचेंच जेवण मिळूं लागलें, व त्यांतही शत्रूच्या तांदुळाचा वांटा मोठा होता.

जपान्यांनीं धांवपट्टीचें काम दोन्ही टोंकांकडून मध्याकडे आणीत नेलें होतें. मधला सुमारें दोनशें फुटांचा तुकडा तेवढा राहिला होता. शत्रूच्याच रुळांनीं व शत्रूच्याच मोटारींनीं अमेरिकन एंजिनिअरांनीं तो भरून काढला. १२ ऑगस्टला पहिलें विमान तेथें उतरलें. मिडवेच्या लढाईंत जूनमध्यें पडलेल्या मेजर लॉफ्टन हेंडर्सन या वैमानिकाचें नांव त्या तळास देण्यांत आलें, आणि तेव्हांपासून तो हेंडर्सन फील्ड म्हणून प्रसिद्धीस आला.

पट्टी झाली म्हणजे विमानतळ झाला असें मात्र नव्हे. अमेरिकन आरमारानें पॅसिफिकमधील पुढच्या ठाण्यांसाठीं माणसें व सामग्री यांचे तयार संच जमवावयास नुकताच आरंभ केला होता. मोठ्या संचास 'लायन' म्हणत, आणि मध्यम आकाराच्या संचास 'कब' म्हणजे छावा. पहिल्या छाव्याची आघाडीची तुकडी १५ ऑगस्ट रोजीं चार वेगवान नौकांतून लुंगाच्या किनाऱ्यावर उतरली. तींत पांच अधिकारी व सुमारें १२० माणसें होतीं. विमानी पेट्रोलचीं ४०० पिंपें, वंगणाचीं कांहीं पिंपें, २८२ बाँब, बंदुकांच्या गोळ्या, हत्यारें आणि सुटे भाग एवढा त्यांचा संसार. या तुकडीचा मुख्य जॉर्ज पोक नांवाचा एक तरुण एन्साइन, म्हणजे आरमारांतील सर्वांत कनिष्ठ दर्जाचा अधिकारी होता. पुढें हाच पोक वृत्तपत्रकार झाला व ग्रीसमधील यादवी युद्धाच्या वेळीं १९४८ सालीं त्याचा खून झाला. त्याच्या नांवानें पत्रकारांना दिलें जाणारें पारितोषिक अमेरिकेंत प्रतिष्ठेचें मानलें जातें. २० ऑगस्टला एका लहान विमानवाहू नौकेवरून १९ वाइल्डकॅट लढाऊ विमानें व १२ डॉन्टलेस बाँबर हेंडर्सनवर येऊन उतरले. त्यांचे स्वतःचे यंत्रज्ञ अजून मागेंच होते. ते महिनाअखेर येऊन पोंचेपर्यंत या ३१ विमानांचें सारें करणें छाव्याच्या माणसांकडे आलें.

तें करणें कसें होतें हें थोडें तपशीलानें सांगितलें पाहिजे. पेट्रोलचें पिंप ५५ गॅलनांचें. भरलेलें असतांना त्याचें वजन पावणेचारशें पौंडांच्या आसपास भरतें. किनाऱ्यास धक्का नव्हता. जहाज दूर उभें राही, आणि पिंपें होड्यांतून वाळूवर येत. तेथून तीं ढकलीत, लोळवीत झाडांच्या आडोशास न्यावयाचीं, एके ठिकाणीं ठेवून बाँबला बळी पडूं नयेत म्हणून निरनिराळ्या राईंत पसरून दडवावयाचीं, आणि लागतील तशीं पुन्हां पट्टीवर आणावयाचीं. आरंभीं पेट्रोल भरणारी मोटारगाडी एकही नव्हती. हातपंपानें तें उपसावें लागे, आणि पाणी वा कचरा एंजिनांत जाऊं नये म्हणून मऊ चामड्यांतून गाळून घ्यावें लागे. एका वाइल्डकॅटची टांकी सुमारें १४७ गॅलनांची, म्हणजे पावणेतीन पिंपें हातानें उपसावीं तेव्हां एक विमान सज्ज होणार. डॉन्टलेसची तहान तर याहून मोठी. आम्हीं हिशेब करून पाहिला, तर सर्व विमानें एकदां कांठोकांठ भरावयाचीं म्हटलें तरी शंभरावर पिंपें रिकामीं होत होतीं. म्हणजे पोकनें आणलेला सांठा चार वेळांहून अधिक पुरणारा नव्हता. नंतर जें येत गेलें तेंही असेंच थोडें थोडें, जहाज वांचून आलें तर.

बाँब उचलण्याची यारी नव्हती. पांचशें पौंडांचा बाँब माणसांनीं खांद्यां-हातांवर तोलून विमानाच्या पोटाखालीं धरावयाचा व दुसऱ्यांनीं तो अडकवावयाचा. मशीनगनचे पट्टे हातानें भरावयाचे. ऊन पडलें कीं काळी धूळ उडून एंजिनांत शिरे. पाऊस आला कीं तीच धूळ चिखल होऊन चाकें धरून ठेवी. डॉन्टलेस हीं जहाजाच्या लांकडी फळ्यांवर उतरण्यासाठीं बनविलेलीं विमानें; त्यांचें शेपटाकडील चाक भरीव कठीण रबराचें होतें. प्रत्येक उतरण्यागणिक तें चाक नांगराच्या फाळासारखें पट्टी उकरून काढी. मोडकीं विमानें एका बाजूस ओढून ठेवीत आणि त्यांचे अवयव काढून दुसऱ्यांना बसवीत. दोन मेलेल्यांचें एक जिवंत करण्याची ही विद्या तेथें लौकरच सर्वांच्या अंगवळणीं पडली.

१ सप्टेंबरला सहाव्या नौदल-बांधकाम पलटणीची सुमारें चारशें माणसें येऊन पोंचलीं. या पलटणींस 'सीबीज' म्हणत. बांधकाम पलटण या शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांचें तें नांव, आणि उच्चारांत सागराच्या मधमाशा असाही श्लेष. यांतले लोक शिपाईपेशाचे नव्हते. धरणें, पूल, रस्ते व इमारती बांधणारे, जड यंत्रें चालविणारे कसबी कामगार स्वेच्छेनें भरती झाले होते. त्या पहिल्या दिवसांत त्यांचें सरासरी वय ३७ होतें असें सांगतात. विशी-बाविशीच्या मरीन पोरांनीं या पोक्त मंडळींची बरीच टर उडविली. परंतु ती फार दिवस टिकली नाहीं. त्यांचा नायक कमांडर जोसेफ ब्लंडन. त्याच्याजवळ यंत्रें थोडीं होतीं, पण डोकें व्यवस्थेचें होतें.

जपानी बाँब धांवपट्टीवर पडत होते हें तर रोजचेंच होतें. ब्लंडननें विचार केला तो असा, कीं बाँब कोठें पडेल हें आपल्या हातीं नाहीं, पण पांचशें पौंडी बाँबनें पडणारा खड्डा केवढा असतो हें मोजतां येतें. तो मोजून त्यास लागेल तितकी वाळू व खडी मोटारींत आधींच भरून त्या मोटारी पट्टीच्या कडेला झांकून उभ्या केल्या. माती ठोकून बसविण्यासाठीं हवेच्या दाबानें चालणारे हातोडे जवळच ठेविले. ज्या ज्या भागावर पोलादी जाळीची फरसबंदी होती, तेथें असा एक बाँब सुमारें १,६०० चौरस फूट जाळी फाडून काढी. म्हणून तितक्या जाळीचे गठ्ठे बांधून तेही जागोजाग रचून ठेविले. या जाळीची एक फळी दहा फूट लांब, पंधरा इंच रुंद व ६६ पौंड वजनाची असे. तिला ८७ भोंकें पाडलेलीं असत, आणि कडेच्या आंकड्यांनीं एक फळी दुसरीस अडकवितां येई. म्हणजे एका बाँबमागें सव्वाशेंच्या वर फळ्या लागत. बाँबफेकी विमानें पाठ फिरवितात न फिरवितात तोंच, वर आकाशांत लढाऊ विमानांची झुंज चाललेली असतांच, हे लोक खंदकांतून बाहेर पडून खड्ड्याकडे धांवत. शंभर माणसांनीं असा एक खड्डा चाळीस मिनिटांत बुजवून वर जाळी बसवावी असें त्यांचें प्रमाण बसलें होतें. या चाळीस मिनिटांचें मोल वरच्या वैमानिकास विचारावें. त्याचें पेट्रोल संपत आलेलें असे, आणि उतरावयास दुसरी जागा जवळपास नव्हती. पुढें सीबीजनीं जवळच्या गवताळ मैदानावर लढाऊ विमानांसाठीं दुसरी पट्टी तयार केली. वैमानिक तिला गाईंचें कुरण म्हणत, पण मुख्य पट्टी निकामी होई तेव्हां हेंच कुरण कामीं येई.

जपानी विमानांचा मोठा तळ राबाउल येथें, सुमारें साडेसहाशें मैलांवर. तेथून निघालेलीं विमानें दुपारच्या सुमारास ग्वादलकनालवर येत. मधल्या बुगेनव्हिल बेटाच्या डोंगरांत लपलेले ऑस्ट्रेलियन टेहळे त्यांची मोजदाद करून आगाऊ खबर देत, आणि वाइल्डकॅटना उंची गांठण्यास जरूर तेवढा वेळ मिळे. रात्रींही स्वस्थता नव्हती. एखादें-दुसरें विमान तासन्‌तास घरघरत फिरून मधून मधून बाँब टाकी. त्यानें नुकसान थोडें होई, झोंप मात्र सर्वांची जाई. हिंवताप व आमांश यांनीं माणसें काडीसारखीं झालीं होतीं, आणि यंत्रज्ञाला ताप आला म्हणून विमानाचें एंजिन कांहीं स्वतः होऊन दुरुस्त होत नाहीं. १ सप्टेंबर ते १८ नोव्हेंबर या अवधींत पट्टीवर निदान एक तरी बाँब पडला असे १४० हल्ले झाल्याचें ब्लंडननें नमूद केलें आहे.

१३ ऑक्टोबरची रात्र या सर्वांहून निराळी होती. कोंगो व हारुना या दोन प्रचंड जपानी युद्धनौका किनाऱ्यासमोर आल्या आणि त्यांनीं तासाहून अधिक वेळ आपल्या चौदा इंची तोफांतून नऊशेंहून अधिक गोळे हेंडर्सनवर ओतले. सकाळीं पाहतात तों ९० विमानांपैकीं ४८ नाहींशीं झालेलीं, ४१ माणसें मेलेलीं, आणि विमानी पेट्रोल जवळजवळ सगळें जळून गेलेलें. १३ व १४ तारखांस मिळून पट्टीवर ५३ बाँब व गोळे अचूक पडले. १४ तारखेस एका तासांत सीबीजनीं तेरा खड्डे भरले, आणि त्या वेळीं विमानें डोक्यावर घिरट्या घालीत जागा होण्याची वाट पहात होतीं. फावडीं पुरेनात तेव्हां लोकांनीं शिरस्त्राणें काढून त्यांत माती भरून नेली. स्वयंपाकीसुद्धां पोलादी फळ्या हातोहात पोंचविण्यास लागले होते, म्हणून त्या दोन दिवसांत कोणासच जेवण मिळालें नाहीं. विमानतळाचा इतिहास लिहितांना आम्हांस हा न शिजलेल्या जेवणाचा तपशील मोठा बोलका वाटतो.

खड्डे बुजले, पण पेट्रोल कोठून आणावें? दोन मोठीं बी-१७ विमानें निकामी होऊन पडलीं होतीं; त्यांच्या टांक्यांतलें नळीनें ओढून काढलें. तेवढ्यांत कोणास आठवण झाली कीं आरंभींच्या दिवसांत राईंत व दलदलीच्या कांठीं पिंपें पसरून ठेविलीं होतीं. शोधाशोध झाली, आणि कांहीं शें पिंपें हातीं लागलीं. सांठा एके ठिकाणीं ठेवूं नये या जुन्या खबरदारीनें अशा रीतीनें विमानतळ वांचविला. दक्षिणेकडील तळांवरून डाकोटा विमानें एकेक खेपेस बारा पिंपें घेऊन येऊं लागलीं व परततांना जखमी नेऊं लागलीं. बारा पिंपांत बारा वाइल्डकॅट एक तास उडत. समुद्रावरून येणाऱ्या पेट्रोलची कहाणी याहून दुःखद आहे. पिंपांनीं भरलेले पडाव ओढीत निघालेल्या एका तांड्याच्या रक्षणास मेरेडिथ नांवाची विनाशिका होती. १५ ऑक्टोबरला जपानी विमानांनीं ती बुडविली, आणि दोनशेंहून अधिक खलाशी, कित्येक तर दिवसांमागून दिवस तराफ्यांना लटकून, प्राणांस मुकले. दुसऱ्या दिवशीं मॅकफार्लंड नांवाची नौका ४०,००० गॅलन घेऊन लुंगास लागली. माल उतरत असतांनाच तिच्यावर बाँब पडले व शेजारच्या पडावांतलें पेट्रोल पेटलें. पाणबुडीच्या टांक्यांत पेट्रोल भरून आणण्यापर्यंत मजल गेली होती.

तरीही १५ तारखेस, जपानी वाहतूक जहाजें बेटाच्या किनाऱ्यास लागून दिवसाढवळ्या सैन्य व माल उतरवीत असतां, या उसन्या व शोधून काढलेल्या पेट्रोलवर हेंडर्सनचीं विमानें उडालीं आणि त्यांनीं तीन जहाजें किनाऱ्यावरच जाळलीं. आमच्या मतें मोहिमेचा कांटा फिरला तो येथें. नोव्हेंबरच्या आरमारी लढाया अधिक प्रसिद्ध आहेत. १४ नोव्हेंबरला सैन्य घेऊन येणाऱ्या अकरा जहाजांपैकीं सात विमानांनीं समुद्रांत बुडविलीं व उरलेलीं चार दुसऱ्या दिवशीं किनाऱ्यावर रुतलेल्या स्थितींत नष्ट झालीं, हें सर्वांनीं वाचलेलें असतें. परंतु ऑक्टोबरच्या मध्यास ती पट्टी दोन दिवस अधिक बंद राहिली असती, तर नोव्हेंबर त्या रूपानें आलाच नसता.

जपानी बाजूचें चित्र शेजारीं ठेविलें म्हणजे ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. त्यांचे वैमानिक कसलेले होते, आरमार रात्रीच्या युद्धांत अधिक निपुण होतें. पण मधले तळ वेळेवर बांधून होईनात. बुगेनव्हिलच्या दक्षिण टोंकास बुइनची धांवपट्टी उपयोगांत यावयास ऑक्टोबर उजाडला. तोंपर्यंत प्रत्येक वैमानिकानें साडेसहाशें मैल येऊन लढावयाचें व तितकेच परत जावयाचें. जखमी विमान वाटेंतच संपे. दिवसा हेंडर्सनचीं विमानें समुद्रावर फिरत असल्यामुळें जहाजें येऊं शकत नव्हतीं. मग विनाशिका रात्रीं भरधांव येऊन तांदूळ भरलेलीं पिंपें दोरानें बांधून समुद्रांत सोडून देत आणि उजाडण्यापूर्वीं निघून जात. ३ डिसेंबरच्या रात्रीं अशीं १,५०० पिंपें सोडलीं; किनाऱ्यावरच्या अशक्त माणसांना त्यांतलीं ३१० च काय तीं ओढून घेतां आलीं. एकाच किनाऱ्यावर कांहीं मैलांच्या अंतरानें एका सैन्याचें जीवित पेट्रोलच्या पिंपांवर व दुसऱ्याचें तांदुळाच्या पिंपांवर टांगलेलें होतें. आपल्या लिपींतील एका श्लेषानें जपानी सैनिक त्या बेटास उपासमारीचें बेट म्हणूं लागले. १९४३ च्या फेब्रुवारींत रात्रींच्या अंधारांत सुमारें साडेदहा हजार जपानी बेटावरून काढून नेण्यांत आले. मागें राहिलेल्या मृतांची संख्या वीस हजारांच्या पुष्कळ वर होती, आणि त्यांपैकीं फार मोठा भाग भुकेनें व रोगानें मेला होता.

ज्यांची ती भूमि, त्या बेटवासीयांचा उल्लेख युद्धकथांत वाटाड्ये व हेर म्हणूनच बहुधा येतो. परंतु १९४२ च्या अखेरीपासून ब्रिटिश अधिकाऱ्यांनीं उभारलेल्या मजूरदलांत मलाइता वगैरे बेटांवरील हजारों तरुण सामील झाले. पुढें याच तळावरचा माल उतरविण्याचें व पेट्रोल-बाँब वाहण्याचें पुष्कळसें काम त्यांच्या पाठीवर आलें. पगार ब्रिटिशांनीं ठरविलेला, म्हणजे अगदीं बेताचा. अमेरिकन सैन्यांतले काळे सैनिक गोऱ्यांसारखाच गणवेश घालतात व तेंच अन्न खातात, हें त्यांनीं पाहिलें. अमेरिकन शिपायांनीं मोकळ्या हातानें दिलेल्या वस्तू ब्रिटिश अधिकारी काढून घेतात, हेंही पाहिलें. युद्ध संपतां संपतां मलाइतावर 'मासिना रुरू' या नांवाची जी मोठी चळवळ उठली, तिचे पुढारी या मजूरदलांतूनच आलेले होते.

युद्धानंतर तुलागीची राजधानी उजाड झालेली पाहून ब्रिटिशांनीं नवी राजधानी अमेरिकन तळाच्या टाकून दिलेल्या रस्त्यांवर व पत्र्याच्या अर्धगोल घरांतच वसविली. तिचें नांव होनियारा. १९७८ सालीं हीं बेटें स्वतंत्र झालीं. हेंडर्सनची धांवपट्टी वाढवून व पक्की करून १९६९ पासून नागरी विमानांसाठीं वापरांत आहे, आणि २००३ सालीं तिला होनियारा आंतरराष्ट्रीय विमानतळ असें नांव देण्यांत आलें. भोंवतालच्या जमिनींतून न फुटलेले बाँब व गोळे अजूनही निघतात, आणि ते निकामी करण्याचें काम तेथील पोलीसदल करतें. सीबीजच्या पोलादी फळ्याही कोठें गेल्या नाहींत. खेड्यांतील परसांना व डुकरांच्या वाड्यांना त्यांचीं कुंपणें केलेलीं दिसतात; गंज चढलेला असतो, पण सत्त्याऐशीं भोंकें मोजून घ्यावीं इतक्या त्या अजून शाबूत आहेत.